नेता कोणाचा?

वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यात पहिल्या मजल्यावर पार्लमेंटच्या समित्यांची दालने ओळीने लागतात, आणि त्यांतील चौदा क्रमांकाच्या प्रशस्त दालनात हुजूर पक्षाच्या खासदारांची बैठक भरते. पक्षाचा नेता आत शिरला की सभासद टेबलांवर हात आपटून त्याचे स्वागत करतात; तो गजर बंद दारांतून बाहेर ऐकू येतो, आणि मार्गिकेत ताटकळत उभे असलेले वार्ताहर त्या आवाजाच्या चढउतारावरून नेत्याच्या पायाखालची जमीन किती घट्ट आहे याचा अदमास बांधू पाहतात. या बैठकीला ‘1922 समिती’ म्हणतात. ती 1923 साली, आदल्या वर्षीच्या निवडणुकीत प्रथमच निवडून आलेल्या खासदारांनी परस्परसाहाय्यासाठी स्थापन केली, आणि कालांतराने पक्षाच्या नेत्याला ठेवण्याचा व घालविण्याचा कारभार तिच्या हाती आला. नेत्यावर आपला विश्वास उरला नाही असे ज्या खासदारास वाटते तो समितीच्या अध्यक्षास तसे खासगी पत्र लिहितो. अशी किती पत्रे दप्तरी जमली हे अध्यक्षांवाचून कोणालाही ठाऊक नसते. आणि ठरलेले प्रमाण भरले की लगोलग गुप्त मतदान पुकारले जाते. डिसेंबर 2018 मध्ये टेरेसा मे यांनी असे मतदान 200 विरुद्ध 117 मतांनी जिंकले, जून 2022 मध्ये बोरिस जॉन्सन यांनी 211 विरुद्ध 148 मतांनी जिंकले; आणि मे यांना सहा महिन्यांच्या आत, जॉन्सन यांना एका महिन्यात, राजीनामा जाहीर करावा लागला.

पक्षाचा नेता नेमका कोणाचा, हा प्रश्न ब्रिटनमधील दोन्ही प्रमुख पक्षांना गेली सत्तर वर्षे छळत आला आहे. सभागृहात त्याच्या पाठीशी बसून प्रत्येक विधेयकावर मत देणाऱ्या खासदारांचा तो, की वर्गणी भरून पावसाळी संध्याकाळी घरोघर पत्रके वाटीत हिंडणाऱ्या साध्या सभासदांचा? या प्रश्नाची उत्तरे शांत चित्ताने, तत्त्व समोर ठेवून, क्वचितच दिली गेली. निवडीचा प्रत्येक नवा नियम हा मागच्या भांडणाचा निकाल म्हणून लिहिला गेला, आणि पुढचे भांडण वेगळ्याच दिशेने आल्यामुळे तोच नियम त्या भांडणाला खतपाणी घालणारा ठरला. या इतिहासाकडे पाहताना हीच गोष्ट माझ्या मनाला सर्वांत अधिक भिडते. आणि ज्या देशाने आपल्या राज्यघटनेत, पंतप्रधान लोकसभेच्या विश्वासावर टिकतो, हे मूलसूत्र याच ब्रिटिश परंपरेतून घेतले, त्या देशातील वाचकाने ती परदेशची वार्ता म्हणून दृष्टीआड करू नये असे मला मनःपूर्वक वाटते.

०

पूर्वी हुजूर पक्षात नेत्याची निवडणूक होतच नसे. नेता ‘उदयास येई’. पक्षातील वडीलधारे सरदार व मंत्री यांचा खासगीत सल्ला घेतला जाई, राजवाड्यावर कौल कळविला जाई, आणि ज्याला बोलावणे येई तो पंतप्रधान होई. जानेवारी 1957 मध्ये सुएझच्या साहसाचे अपयश व ढासळलेली प्रकृती यांमुळे अँथनी ईडन पायउतार झाले, तेव्हा लॉर्ड सॉल्झबरी आणि लॉर्ड किलम्यूर या दोन ज्येष्ठ सरदारांनी मंत्र्यांना एकेक करून बोलावले. सॉल्झबरींना ‘र’चा उच्चार साधत नसे, आणि त्या सदोष उच्चारात त्यांनी प्रत्येकाला एवढेच विचारले की, रॅब की हॅरोल्ड? बहुतेकांनी हॅरोल्ड म्हटले, आणि मॅकमिलन पंतप्रधान झाले. ज्यांची निवड हुकली ते रॅब बटलर हे अटक येथे, हिंदुस्थानी मुलकी सेवेतील अधिकाऱ्याच्या घरी जन्मलेले आणि 1935 चा हिंदुस्थान सरकारचा कायदा संमत होत असता इंडिया ऑफिसात उपमंत्री असलेले गृहस्थ होते. विद्वत्ता, अनुभव व संयम हे तिन्ही गुण असूनही पंतप्रधानपदाने त्यांना पुनःपुन्हा हुलकावणी दिली.

सहा वर्षांनी हेच नाट्य अधिक उघडपणे घडले. ऑक्टोबर 1963 मध्ये पक्षाचे अधिवेशन ब्लॅकपूल येथे भरले असता, रुग्णालयात खिळलेल्या मॅकमिलन यांचा निवृत्तीचा निर्णय तेथे वाचून दाखविण्यात आला, आणि अधिवेशनाचे मंडप एका रात्रीत उमेदवारांच्या शक्तिप्रदर्शनाचे आखाडे बनले. लॉर्ड हेल्शम यांनी आपण सरदारकी सोडण्यास सिद्ध आहोत असे भर सभेत जाहीर केले. बटलर आपल्या स्वभावाप्रमाणे स्वस्थ राहिले. आणि खासगी सल्लामसलतीच्या गाळणीतून शेवटी बाहेर पडले ते चौदावे अर्ल ऑफ ह्यूम यांचे नाव. राणी एलिझाबेथ यांनी स्वतः रुग्णालयात जाऊन मॅकमिलन यांचा सल्ला ऐकला. नव्या पंतप्रधानांना, म्हणजे डग्लस-ह्यूम यांना, त्याच वर्षी झालेल्या कायद्याचा आधार घेऊन सरदारकी सोडावी लागली आणि स्कॉटलंडातील एका पोटनिवडणुकीतून कनिष्ठ सभागृहात यावे लागले. आयन मॅक्लाउड आणि ईनॉक पॉवेल यांनी त्यांच्या मंत्रिमंडळात बसण्याचे नाकारले. आणि जानेवारी 1964 मध्ये मॅक्लाउड यांनी ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकात, ज्याचे ते तेव्हा संपादक होते, जो लेख लिहिला त्यात हा सर्व व्यवहार पक्षातील एका अंतर्वर्तुळाने घडवून आणला आणि त्या वर्तुळातील नऊपैकी आठजण ईटनच्या शाळेत शिकलेले होते, हे नावानिशी मांडले. त्या लेखाने जुन्या रीतीची अब्रू कायमची गेली. डग्लस-ह्यूम सज्जन होते, आणि आपल्याला लाभलेली गादी ज्या वाटेने आली ती वाट पुढच्यांसाठी बंद करण्याचा मोठेपणा त्यांनीच दाखविला: त्यांच्याच कारकीर्दीत नियम झाले, आणि जुलै 1965 मध्ये हुजूर पक्षाच्या इतिहासात प्रथमच खासदारांनी मत टाकून नेता निवडला. एडवर्ड हीथ यांना 150, रेजिनाल्ड मॉडलिंग यांना 133 आणि पॉवेल यांना 15 मते पडली.

त्या नियमांत एक मोठी उणीव होती. नेता निवडण्याची तरतूद होती, बदलण्याची नव्हती. हीथ यांनी 1974 साली दोन निवडणुका गमावल्या तेव्हा ती उणीव सर्वांना दिसली, आणि पुन्हा डग्लस-ह्यूम यांच्याच अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने वार्षिक निवडणुकीची सोय केली. सोबत अशीही अट घातली की पहिल्या फेरीत जिंकावयाचे तर बहुमताबरोबरच, मतदानास पात्र असलेल्या एकंदर खासदारांच्या पंधरा टक्के इतकी आघाडी प्रतिस्पर्ध्यावर असली पाहिजे. हा नियम झाला हीथ यांच्यासाठी. 4 फेब्रुवारी 1975 रोजी मार्गारेट थॅचर यांना 130 आणि हीथ यांना 119 मते पडली, हीथ त्याच दिवशी गेले, आणि आठवड्याने दुसऱ्या फेरीत व्हाइटलॉ यांच्या 79 मतांविरुद्ध 146 मते मिळवून थॅचर नेत्या झाल्या. ज्या नियमांनी हीथ गेले, त्यांतील पंधरा टक्क्यांच्या उंबरठ्यापाशी पंधरा वर्षांनी थॅचर यांना अडखळावे लागले.

०

नोव्हेंबर 1990 मधील त्या तीन आठवड्यांकडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण खासदारांनी नेता बदलण्याच्या पद्धतीचे सामर्थ्य व क्रौर्य दोन्ही तेथे एकत्र दिसतात. तीन सार्वत्रिक निवडणुका ओळीने जिंकलेल्या थॅचर बाईंनी स्थानिक करांच्या जागी सरसकट डोईपट्टी बसविली होती आणि तिच्यामुळे देशभर संताप उसळला होता. युरोपीय एकीकरणाच्या प्रश्नावर तर मंत्रिमंडळच दुभंगले होते. 1 नोव्हेंबर रोजी सर जेफ्री हाउ यांनी राजीनामा दिला. हे अकरा वर्षे त्यांच्यासोबत राबलेले, मृदुभाषी, कंटाळवाणे म्हणून गणले गेलेले गृहस्थ. त्यांनी 13 तारखेला सभागृहात जे निवेदन केले, त्यात क्रिकेटची उपमा देऊन सांगितले की सलामीच्या फलंदाजांना मैदानावर पाठवावे आणि पहिला चेंडू पडताच त्यांना कळावे की आपल्या बॅटी सामन्याआधीच कर्णधाराने मोडून ठेवल्या आहेत, तसे आमचे झाले आहे. दुसऱ्या दिवशी मायकेल हेसल्टाइन यांनी उमेदवारी जाहीर केली.

20 नोव्हेंबर रोजी मतदान झाले तेव्हा थॅचर एका आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी पॅरिसला होत्या. त्यांना 204 मते पडली, हेसल्टाइन यांना 152, सोळांनी कोणालाच मत दिले नाही. पक्षाचे 372 खासदार. पंधरा टक्के म्हणजे 56. आणि आघाडी होती 52 ची. केवळ दोघांनी हेसल्टाइन यांच्याऐवजी त्यांच्या नावापुढे खूण केली असती तर त्या पहिल्याच फेरीत निवडून आल्या असत्या. ब्रिटिश वकिलातीच्या आवारात येऊन त्यांनी दुसऱ्या फेरीतही उभे राहण्याचा निश्चय बोलून दाखविला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्लमेंटमधील आपल्या खोलीत त्यांनी मंत्र्यांना एकेक करून बोलावले. आणि एकामागून एक मंत्री येऊन थोड्याफार फरकाने तेच सांगू लागला, की माझे मत आपणालाच आहे, परंतु आपण जिंकणार नाही. 22 नोव्हेंबरच्या सकाळी त्यांनी माघार घेतल्याचे मंत्रिमंडळास वाचून दाखविले, आणि त्याच दुपारी सभागृहात अविश्वासाच्या ठरावाला असे तेजस्वी उत्तर दिले की ज्यांनी त्यांना घालविले होते त्यांनाही आपल्या कृत्याचा क्षणभर विचार पडला असावा. पाच दिवसांनी जॉन मेजर 185, हेसल्टाइन 131 आणि हर्ड 56 अशी मते पडली. मेजर यांना स्पष्ट बहुमतास दोन मते कमी होती, तरी उरलेल्या दोघांनी माघार घेतल्याने ते नेते झाले आणि दुसऱ्या दिवशी राणीच्या भेटीस गेले.

या घटनेला विश्वासघात म्हणणारे पुष्कळ होते व आजही आहेत. मला तसे म्हणवत नाही. पंतप्रधानाचे सामर्थ्य ज्यांच्या मतांवर उभे असते त्यांनीच ती मते काढून घेतली. सरकार एक दिवसही ठप्प झाले नाही. आणि दीड वर्षाने त्याच पक्षाने पुन्हा निवडणूक जिंकली. तथापि या निर्णयाने पक्षातील जखम बरी झाली नाही, हेही तितकेच खरे आहे. ज्यांना थॅचर देवतेसमान वाटत त्या साध्या सभासदांना कोणी विचारलेच नव्हते, आणि त्या न विचारल्याचा सल पुढे युरोपच्या प्रश्नाशी एकजीव झाला.

०

मजूर पक्षाचा मार्ग वेगळ्या मुलुखातून गेला. हा पक्ष कामगार संघटनांनी जन्मास घातलेला. त्यामुळे पक्षाचे अधिवेशन श्रेष्ठ की पार्लमेंटमधील खासदार, हा वाद त्याच्या पाळण्यातच होता. 1935 साली खासदारांनी क्लेमंट ॲटली यांना 88 विरुद्ध 48 मतांनी निवडले तेव्हा हरलेल्या हर्बर्ट मॉरिसन यांना, आणि अन्य अनेकांना, ही तात्पुरती व्यवस्था वाटली. 26 जुलै 1945 रोजी पक्षाचा प्रचंड विजय झाल्याचे कळले, त्याच दुपारी मॉरिसन यांनी आग्रह धरला की नव्या खासदारांनी नेता पुन्हा निवडल्याखेरीज ॲटली यांनी सरकार बनविण्याचे आमंत्रण स्वीकारू नये; अर्नेस्ट बेव्हिन यांनी ॲटली यांना उलट सांगितले की, सरळ राजवाड्यावर जा. ॲटली गेले. सायमन कमिशनावर काम केलेल्या आणि हिंदुस्थानच्या प्रश्नाची गुंतागुंत जवळून पाहिलेल्या त्या मितभाषी माणसानेच 20 फेब्रुवारी 1947 रोजी ब्रिटिश सत्ता सोडण्याची मुदत जाहीर केली. आपल्या देशाच्या इतिहासातील एक निर्णायक पान त्या एका दुपारच्या धाडसाशी जोडलेले आहे.

परंतु या पक्षाची खरी यादवी 1979 च्या पराभवानंतर माजली. विल्सन व कॅलाहन यांच्या सरकारांनी अधिवेशनांचे ठराव धाब्यावर बसविले, अशी डाव्या कार्यकर्त्यांची तक्रार होती, आणि तिला टोनी बेन यांनी तत्त्वाचे रूप दिले. बेन यांच्याविषयी इंग्लिश वृत्तपत्रांनी जे अद्वातद्वा लिहिले ते बाजूला सारून त्यांचे म्हणणे ऐकावे, असे माझे मत आहे. ज्यांच्या श्रमांवर खासदार निवडून येतो त्यांना, तो निवडून आल्यानंतर पाच वर्षे मुकाट्याने बसावयास सांगणे ही कसली लोकशाही, हा त्यांचा प्रश्न पोकळ नव्हता. नोव्हेंबर 1980 मध्ये खासदारांनी अखेरचाच म्हणून आपला अधिकार वापरून मायकेल फूट यांना डेनिस हीली यांच्या विरुद्ध 139–129 असे निवडले. 24 जानेवारी 1981 रोजी वेम्बली येथील विशेष अधिवेशनाने निवडमंडळ निर्माण केले, आणि त्यात कामगार संघटनांना 40 टक्के, खासदारांना 30 टक्के व मतदारसंघांतील शाखांना 30 टक्के वाटा दिला. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, लाइमहाउस भागातील डेव्हिड ओवेन यांच्या घरातून रॉय जेंकिन्स, शर्ली विल्यम्स, बिल रॉजर्स व ओवेन या चौघांनी आपला जाहीरनामा काढला, आणि मार्चमध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्ष जन्मास आला.

त्याच वर्षी 27 सप्टेंबर रोजी ब्रायटन येथे उपनेतेपदासाठी हीली आणि बेन यांची गाठ पडली. नव्या निवडमंडळाची ती पहिलीच कसोटी. आणि ते मंडळ प्रत्यक्षात कसे चालत असे हे त्या संध्याकाळी स्पष्ट झाले. संघटना आपल्या सर्व सभासदांची मते एकगठ्ठा टाकीत. दहा लाखांहून अधिक मतांचा धनी असलेल्या वाहतूक कामगारांच्या संघटनेने सभासदांचा अंदाज घेतला होता आणि कल हीली यांच्याकडे दिसला होता. तिच्या कार्यकारिणीने शिफारस केली बेन यांची. तिच्या प्रतिनिधींनी पहिल्या फेरीत मते दिली तिसरे उमेदवार जॉन सिल्किन यांना, आणि सिल्किन गळाल्यावर दुसऱ्या फेरीत ती सगळी बेन यांच्या पारड्यात टाकली. याउलट सार्वजनिक सेवकांच्या ज्या संघटनेचे नेते बेन यांच्या बाजूचे, तिने सभासदांचे मत घेतले आणि निकाल हीली यांच्या बाजूने आल्याने तिची मते तिकडे गेली. नील किनक आणि त्यांच्यासारखे काही डावे खासदार दुसऱ्या फेरीत तटस्थ राहिले. शेवटी आकडा लागला तो हीली 50.426 टक्के, बेन 49.574 टक्के. एक टक्क्याहूनही कमी अंतराने पक्ष बचावला असे कित्येकजण म्हणाले. परंतु बचावला तो कसा? 1983 च्या निवडणुकीत मजूर पक्षाला 27.6 टक्के आणि फुटीरांच्या आघाडीला 25.4 टक्के मते पडली. जागा मात्र पडल्या 209 आणि 23, आणि थॅचर यांचे बहुमत प्रचंड झाले.

०

1997 च्या दारुण पराभवानंतर हुजूर पक्षानेही आपल्या साध्या सभासदांना आवाज देण्याचे ठरविले. विल्यम हेग यांच्या कारकीर्दीत नियम झाला की खासदारांनी फेऱ्याफेऱ्यांनी उमेदवार गाळून दोघांची नावे पुढे पाठवावीत आणि त्यांतून सभासदांनी टपालाने नेता निवडावा. हेतू चांगला होता. 2001 साली खासदारांच्या शेवटच्या फेरीत केनेथ क्लार्क यांना 59, इयन डंकन स्मिथ यांना 54 आणि मायकेल पोर्टिलो यांना 53 मते पडली. पोर्टिलो एका मताने गळाले. युरोपवादी क्लार्क आणि युरोपविरोधी डंकन स्मिथ एवढीच निवड सभासदांपुढे उरली, आणि त्यांनी 155,933 विरुद्ध 100,864 असा कौल दिला. अमेरिकेवरील 11 सप्टेंबरच्या हल्ल्यामुळे निकालाची घोषणादेखील एक दिवस पुढे ढकलावी लागली. ज्यांच्यापैकी तिसऱ्या हिश्शानेच त्यांना मत दिले होते त्या खासदारांचे नेतृत्व डंकन स्मिथ यांना करावयाचे होते. दोन वर्षांनी ऑक्टोबर 2003 मध्ये त्याच खासदारांनी 90 विरुद्ध 75 मतांनी त्यांना दूर केले.

युरोपचा प्रश्न मिटला नाही. सप्टेंबर 2019 मध्ये कराराविना युरोपीय संघाबाहेर पडण्यास विरोध केला म्हणून 21 खासदारांना जॉन्सन यांनी एका फटक्यात पक्षाबाहेर घातले. त्यांत सभागृहाचे ज्येष्ठतम सभासद क्लार्क होते आणि चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्सही होते.

मजूर पक्षात दरम्यान उलटी गंगा वाहत होती. कामगार संघटनांच्या मतांवर 2010 साली एड मिलिबँड आपल्या थोरल्या भावावर, डेव्हिड यांच्यावर, 50.65 टक्के विरुद्ध 49.35 टक्के असे निसटते विजयी झाले. त्यावरून जो गदारोळ उठला त्याच्या उत्तरादाखल 2014 मध्ये निवडमंडळ मोडून ‘एक माणूस, एक मत’ हे तत्त्व आले, आणि तीन पौंड भरणाऱ्या कोणाही समर्थकास मताचा हक्क मिळाला. पक्षाच्या उजव्या बाजूला हा नियम हवा होता, कारण सामान्य नागरिक संघटनांच्या पुढाऱ्यांहून मवाळ असतात असा तिचा विश्वास. 15 जून 2015 रोजी दुपारी बारा वाजता नामांकनाची मुदत संपत होती. जेरेमी कॉर्बिन यांना 35 खासदारांची नावे हवी होती, आणि अखेरची नावे अगदी घटका भरता भरता पडून ती 36 झाली. नाव देणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते निवडून यावेत असे मुळीच वाटत नव्हते. चर्चेत सर्व मते असावीत एवढाच त्यांचा उदार विचार होता. 12 सप्टेंबरला कॉर्बिन 251,417 मतांनी, म्हणजे 59.5 टक्क्यांनी, पहिल्याच फेरीत निवडून आले. तीन पौंड भरणाऱ्या समर्थकांपैकी तर दर शंभरातील सुमारे चौऱ्यांशी त्यांच्याकडे गेले. पुढच्या वर्षी युरोपविषयक सार्वमतानंतर खासदारांनी 172 विरुद्ध 40 असा अविश्वास दाखविला. कॉर्बिन हटले नाहीत. सभासदांनी त्यांना पुन्हा 61.8 टक्क्यांनी निवडले.

त्या दोन आकड्यांकडे मी पुनःपुन्हा पाहत आलो आहे. सभागृहात ज्यांना त्यांच्या मागे बसावयाचे होते त्यांच्यापैकी पाचांतील चौघांना ते नको होते, आणि ज्यांच्या वर्गणीवर पक्ष चालतो त्यांना तेच हवे होते. दोघांपैकी कोणाचेही मत खोटे नव्हते. खासदारांना लाखो मतदारांनी पाठविलेले असते, सभासदाला त्याच्या निष्ठेने. आणि दोन्ही अधिकार एकाच खुर्चीवर येऊन आदळले म्हणजे पक्ष चालेनासा होतो. सभासदांचा खरा अधिकार आपल्या मतदारसंघाचा उमेदवार निवडण्याचा आहे, तेथे तो निर्विवाद असावा. नेता मात्र ज्यांना रोज त्याच्याबरोबर सभागृहात उभे राहावयाचे त्यांनीच निवडावा, असे मला या सर्व इतिहासावरून वाटते. हे बेन यांच्या प्रश्नाचे पुरे उत्तर नाही, याची मला जाणीव आहे.

महाराष्ट्राला तर हा प्रश्न कायद्याच्या भाषेत भेटला आहे. जून 2022 मध्ये शिवसेनेत फूट पडली. फेब्रुवारी 2023 मध्ये निवडणूक आयोगाने विधिमंडळातील बहुमत प्रमाण मानून पक्षाचे नाव व चिन्ह एका गटास दिले. आणि 11 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, असा निर्णय दिला. आपल्याकडे पक्षांतरबंदीच्या कायद्यामुळे असे वाद न्यायालयात जातात. ब्रिटनमध्ये पक्ष सोडणाऱ्या खासदाराची जागा जात नाही, म्हणून ते दालनांत आणि मतपेट्यांतच लढले जातात.

०

महाराष्ट्रात ती फूट गाजत होती त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये जॉन्सन यांचे सरकार कोसळले. 5 जुलै 2022 रोजी साजिद जाविद आणि ऋषी सुनक या दोन मंत्र्यांनी काही मिनिटांच्या अंतराने राजीनामे दिले आणि मागोमाग राजीनाम्यांची रीघ लागली. खासदारांच्या शेवटच्या फेरीत सुनक यांना 137, लिझ ट्रस यांना 113 आणि पेनी मॉर्डंट यांना 105 मते पडली. पुढचे सहा आठवडे दोन्ही उमेदवार सभासदांच्या मेळाव्यांतून फिरले. साडेचार कोटींहून अधिक मतदारांच्या देशाचा पंतप्रधान कोण, हे 172,437 सभासदांच्या हाती होते. कर्ज काढून करकपात करणे धोक्याचे आहे हे सुनक प्रत्येक मेळाव्यात सांगत राहिले, आणि ट्रस यांना 81,326, त्यांना 60,399 मते पडली. 23 सप्टेंबरला नव्या अर्थमंत्र्यांनी सुमारे 45 अब्ज पौंडांच्या करकपाती जाहीर केल्या. तीन दिवसांत पौंड डॉलरपुढे आजवरच्या नीचांकाला गेला, आणि निवृत्तिवेतन निधी कोसळू नयेत म्हणून बँक ऑफ इंग्लंडला सरकारी रोखे खरेदी करावे लागले. 20 ऑक्टोबर रोजी ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. ज्या खासदारांपैकी एक-तृतीयांशांहून कमी त्यांच्या बाजूने होते, ते संकटात त्यांच्याभोवती उभे राहिले नाहीत. उभे राहण्याचे त्यांना कारणही नव्हते.

आता 1922 समितीने घाई केली, आणि उमेदवाराला किमान शंभर खासदारांचे नामांकन हवे अशी अट घातली. पक्षात तेव्हा 357 खासदार होते. तीनाहून अधिक नावे पुढे येणे शक्यच नव्हते. जॉन्सन यांनी मुदतीच्या आदल्या रात्री माघार घेतली. मॉर्डंट यांनी 24 ऑक्टोबरला दुपारी दोन वाजता मुदत संपण्यापूर्वी काही मिनिटे माघार घेतली. आणि सभासदांना एकही मतपत्रिका न पाठविता सुनक नेते झाले. तो दिवाळीचा दिवस होता. अर्थमंत्री असताना दोन वर्षांपूर्वी डाउनिंग स्ट्रीटवर आपल्या दाराशी पणत्या लावणारा, भगवद्गीतेवर हात ठेवून खासदारकीची शपथ घेतलेला हिंदू गृहस्थ ब्रिटनचा पंतप्रधान होतो याचा आनंद पुण्या-मुंबईतही घरोघर बोलला गेला, आणि तो निर्मळ आनंद होता. पण ज्या सभासदांनी सात आठवड्यांपूर्वी त्यांना नाकारले होते त्यांच्या दृष्टीने हा खासदारांनी परत घेतलेला अधिकार होता, आणि सुनक यांच्या पुढील वीस महिन्यांवर ती भावना सावट धरून राहिली.

जुलै 2024 च्या निवडणुकीत हुजूर पक्ष 121 जागांवर आला. नेतेपदासाठी खासदारांची अखेरच्या आधीची फेरी जेम्स क्लेव्हर्ली यांनी 39 मतांनी जिंकली होती. दुसऱ्या दिवशी अखेरच्या फेरीत केमी बेडनॉक यांना 42, रॉबर्ट जेनरिक यांना 41 आणि क्लेव्हर्ली यांना 37 मते पडून क्लेव्हर्लीच गळाले. आपल्याला सोईस्कर प्रतिस्पर्धी समोर यावा म्हणून मतांची देवाणघेवाण करण्याचा हिशेब काही खासदारांनी केला आणि तो फसला, असे तेव्हा उघड बोलले गेले. 2 नोव्हेंबरला, आपल्याकडील पाडव्याच्या दिवशी, सभासदांचा निकाल लागला: बेडनॉक 53,806, जेनरिक 41,388. ब्रिटनमधील एका प्रमुख पक्षाचे नेतृत्व प्रथमच कृष्णवर्णीय व्यक्तीकडे आले. मे, जॉन्सन व ट्रस यांची वाताहत डोळ्यांपुढे असल्यामुळे अविश्वासाच्या पत्रांचे प्रमाणही पंधरा टक्क्यांवरून एक-तृतीयांशावर नेण्यात आले होते. 121 चा तिसरा हिस्सा 41 होतो. खासदारांच्या अखेरच्या फेरीत बेडनॉक यांच्या नावापुढे खूण न करणारे 79 जण होते.